सँडहर्स्ट रस्त्याचे ऋण



मुंबईतील सरदार वल्लभभाई पटेल मार्गाचे पूर्वनाम सँडहर्स्ट रोड, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक आहेच. १८९६ साली प्लेगने नगरीत थैमान घातले. दाट वस्तीत मोकळा वारा खेळावा, म्हणून १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गिरगाव चौपाटीच्या बाजूने डोंगरीकडे हा प्रशस्त रस्ता काढला. त्यास गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचे नाव लाभले. परंतु ज्यांची बिऱ्हाडे त्यापायी मोडली, त्यांची नावे पाटीवर लागत नसतात. आज चाळींचा पुनर्विकास होत असता आम्ही तरुण पिढीस इतकेच विनवितो की, रस्ते रुंद अवश्य व्हावेत. पण उठविलेल्या बिऱ्हाडास आधी छप्पर मिळावे, कुदळ मागाहून पडावी.