रात्री दोन वाजताचा खर्च

(लाखनी येथे कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर केलेले भाषण)



समोर तांदळाची पोती आहेत, कोहळी आहेत, कोणी घरची तूरडाळ आणली आहे. आपल्या वृद्धाश्रमाच्या वतीने मी मनापासून आभार मानते. भंडारा जिल्ह्यात आहोत, तांदळाची चिंता आम्हाला कधी पडली नाही. चिंता दुसऱ्याच गोष्टीची आहे आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात पैसे कमी पडले म्हणून आम्ही रात्रपाळीच्या दोन मावशींपैकी एक कमी केली. निर्णय माझाच होता. महिन्याभरात आमची एक गोंड आजी रात्री दोनच्या सुमारास एकटीच संडासला उठली आणि पडली. एकुलती मावशी तेव्हा दुसऱ्या खोलीत एका आजोबांची चादर बदलत होती. आजीचं खुब्याचं हाड मोडलं. सकाळी तिने मला एवढंच विचारलं, "बाई, रात्री कोनी नसते का इथं?"

शस्त्रक्रिया सरकारी योजनेत झाली. पण पुढचे तीन महिने तिला उठवणं, बसवणं, पुसणं कोणत्याच योजनेत बसत नाही. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर आता 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, चांगली गोष्ट आहे. मात्र ते पैसे दवाखान्यात भरती झाल्यावरचे. घरी आणल्यावर कूस बदलायला कोण येणार?

हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास 168. एका माणसाने आठवड्यात 48 तास काम केलं, तर एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा-आजारपण धरलं की चार. म्हणजे "एक मावशी ठेवा ना" असं कोणी म्हणतं तेव्हा ते चार पगार असतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्या जखमा भरायला महिने जातात. डायपर तीस-पस्तीस रुपयांना एक. दिवसाला तीन धरले तरी महिन्याचे तीन हजार होतात. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये पंधरवड्यात संपतात, तेही ज्यांना मिळतात त्यांचे. वयाचा दाखला नाही म्हणून आमच्या जंगलपट्टीतल्या किती म्हाताऱ्यांची फाइल तहसीलमध्ये अडते, ते तुम्ही पाहिलंच आहे.

2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान 150 जणांचं आश्रम असावं असं लिहिलं आहे. पण सरकारने ते काढावंच, अशी सक्ती त्या कलमात नाही. तोवर मुलं वीटभट्टीवर किंवा नागपूरला कामाला गेलेली, आणि गावात म्हातारी एकटी.

देणगीदारांवर माझा राग नाही. पंखा दिला की त्यावर आईचं नाव घालता येतं. वाढदिवसाला जेवण दिलं की फोटो निघतो. (एकदा एकाच आठवड्यात तीनदा जिलेबी आली, आणि आमच्याकडे साखरेचे रुग्ण किती!) मावशीच्या पगारावर कोणाचं नाव घालणार? काही जण तर सरळ विचारतात, "आमचा पैसा पगारात तर जात नाही ना?" जातो. जायलाच हवा. शाळेत शिक्षकाचा पगार म्हणजेच शिक्षण, तसा आमच्याकडे मावशीचा पगार म्हणजेच सेवा. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली व्यवस्थापन खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. पण त्या नियमांतसुद्धा दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि शाळेतल्या शिक्षकांचा पगार व्यवस्थापन खर्चात धरत नाहीत. सरकारी नियमाला जे समजलं ते आपल्या मंडळ्यांना समजावताना मात्र माझी दमछाक होते.

शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेल ओतलं, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, इथे आपले उपदेश बहुतेक थांबतात. पुढचं वाचा. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या माणसाला दोन नाणी दिली, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. आणि वर जो खर्च होईल तो परत आल्यावर भरीन, असंही कबूल केलं. रात्री जागणारा तो उतारशाळेवाला होता. त्याच्या रात्रीचे पैसे शोमरोन्याने दिले.

दुसरी मावशी आम्ही पुन्हा घेतली आहे. तिचा पगार मार्चपर्यंत पुरेल. पुढचं माहीत नाही. मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात मोठी रक्कम नको, बारा महिने देता येईल तेवढी लिहा, शंभर का असेना. एकदाच पाच हजार देऊन थांबणाऱ्यापेक्षा महिन्याला दोनशे देणाऱ्याच्या भरवशावर मला माणूस कामाला ठेवता येतो.

आजी आता वॉकर धरून दारापर्यंत येते. आज येणार होती, पण रिक्षात चढता आलं नाही.

लिलावाचे पैसे या वर्षी रात्रपाळीच्या खात्यात घालायचे, असं मंडळीच्या कमिटीने ठरवलं आहे. पाळकसाहेब, ते मोठं कोहळं आधी घ्या.