काशीहून खेड्याकडे

आपल्याकडे सोडमुंजीत बटू काशीस जावयास निघतो आणि मुलगी देण्याचे आश्वासन देऊन मामा त्याला परत फिरवतो. विद्या हवी तर काशीस जावे, संसार हवा तर घरी राहावे, अशी वाटणीच जणू या विधीत केलेली आहे. २५ मार्च १९१६ रोजी मात्र एक मराठी तरुण या वाटेने खरोखरच निघाला. इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस जावयाचे म्हणून तो गाडीत बसला, आणि वाटेत सुरतेस उतरून त्याने काशीची वाट धरली. विनायक नरहर भावे हे त्याचे नाव. पुढे देशाने त्यांना विनोबा म्हणून ओळखले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

काशीत संस्कृत ग्रंथांचे अध्ययन करावे, आणि पुढे ब्रह्मजिज्ञासेने हिमालयात जावे किंवा क्रांतिकार्यासाठी बंगालचा रस्ता धरावा, असे त्यांच्या मनात होते. परंतु त्यांची पावले या दोन्ही वाटांनी गेली नाहीत. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत काशी येथे हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले होते. रत्नालंकारांनी नटलेल्या राजेमहाराजांसमोर त्यांनी सांगितले होते की, हे ऐश्वर्य शेतकऱ्याच्या कष्टांतून आलेले आहे आणि देशाची सुटकाही त्याच्याच हातून व्हावयाची आहे. विश्वनाथाच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्यांतील घाणीविषयीही ते स्पष्ट बोलले होते. विनोबांनी ते भाषण वाचले, पत्र लिहून गांधीजींना शंका विचारल्या, आणि निमंत्रण येताच ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. त्या वेळी गांधीजी भाजी चिरीत बसले होते. ब्रह्म शोधावयास निघालेल्या त्या तरुणाच्या हातीही त्यांनी सुरी दिली.

श्रोतेहो, येथून पुढचा प्रवास अंतराने थोडा, पण मनाने फार लांबचा आहे. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यास आले, १९३२ च्या अखेरीस शेजारच्या नालवाडी या खेड्यात राहावयास गेले, आणि १९३८ मध्ये धाम नदीच्या काठी पवनारला स्थिरावले. पवनारला आले तेव्हा प्रकृती इतकी ढासळली होती की वजन ८८ पौंडांवर उतरले होते. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व चिंतांचा मनाने त्याग केला आणि दुसऱ्या दिवसापासून कुदळ हाती घेतली. आरंभी काही मिनिटेच खणणे होई. मग हळूहळू वेळ वाढत गेला आणि शरीर पुन्हा उभे राहिले.

खेड्यात जाऊन राहणे आणि खेड्याचे होणे, यांत मोठे अंतर असते. शिकलेला माणूस गावी जातो तो बहुधा गावाला काही शिकवावयास, नाहीतर शहराच्या दगदगीतून विसावा घ्यावयास. दोन्हीही परींनी तो पाहुणाच राहतो. गावाच्या रोजच्या कष्टांतील एखादा वाटा, आणि तोही सर्वांनी टाकून दिलेला, जो स्वतःच्या अंगावर घेतो, त्यालाच गाव आतून दिसू लागते.

विनोबांनी हा वाटा उचलला तो सुरगावात. १९४६ पासून, खांद्यावर फावडे घेऊन, पवनारपासून सुमारे तीन मैलांवरच्या त्या गावी ते रोज मैला साफ करावयास पायी जात. वेदान्ताचे अध्ययन केलेला ब्राह्मण, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या माथी मारलेले काम नित्यनेमाने करू लागला. एकदा वाटेवरच्या ओढ्याला पूर आला. पलीकडच्या तीरावर एक गावकरी दिसला, तेव्हा विनोबांनी त्याला निरोप दिला की, देवळात जाऊन देवाला सांगा, गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे पोचू शकला नाही. बाबाजी आले होते असे सांगतो, असे तो माणूस म्हणाला. विनोबांना ते मान्य झाले नाही. ‘बाबाजी’ हा पाहुण्याचा मान होता, आणि त्यांना गावातील सर्वांत खालची जागा हवी होती.

गाव बदलावयास वीस वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. परंतु १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर हे काम सोडून त्यांना देशभर हिंडावे लागले. गावापुरते पाहिले तर ते काम अपुरेच राहिले, हे मान्य केले पाहिजे. पण करणारा मात्र निराळा झाला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याजवळ ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे बोट दाखवून ते मोकळे झाले असते. परंतु त्यांनी तेथल्या तेथे गावालाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले. गावाच्या अंतःकरणावर एवढा विश्वास टाकणे पोथीतून साधणारे नव्हते. त्यामागे खेड्यात काढलेली वर्षे होती.

पुढे १९५२ च्या एप्रिलमध्ये सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पायी चालत पुन्हा काशीच्या परिसरात आले. संमेलन भरले ते सेवापुरी या खेड्यात, आणि २५ लाख एकर भूदान मिळविण्याचा संकल्प तेथेच झाला. ज्ञानासाठी काशीस गेलेल्या विनोबांना ते ज्ञान कुदळ-फावड्याच्या शाळेत पुरे करावे लागले. आज शहर सोडून गावी जावे असे ज्यांना वाटते, त्यांनी सामान बांधण्यापूर्वी आपण तेथे कोणते काम हाती घेणार, हे स्वतःला एकदा विचारून पाहावे.