विद्यार्थीकृतीचा रकाना



 छात्राध्यापक आणि मार्गदर्शक शिक्षकांच्या या परिषदेत आज मला पाठ टाचणातल्या एका रकान्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही सगळ्यांनी तो भरलेला आहे. डावीकडे शिक्षककृती, शेजारी विद्यार्थीकृती, कडेला फलकलेखन. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात आपण आदल्या रात्री मुलांची उत्तरं लिहून ठेवतो. मूल अजून वर्गात आलेलं नाही, आपण त्याला प्रश्न विचारलेला नाही, पण त्याचं उत्तर कागदावर तयार आहे आणि त्याखाली प्राध्यापकांची सहीही झालेली आहे. आणि हे टाचण काढणाऱ्या छात्राध्यापकाने सकाळच्या तासाला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 शिकलेला असतो. मूल स्वतः ज्ञान रचतं, हे त्या आराखड्याचं मूळ म्हणणं. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तो तयार झाला. ओझ्याविना शिक्षणाचा 1993 चा अहवालही त्यांच्याच समितीचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम 29 मध्ये कृतीतून, शोधातून, मुलाला भीती न वाटता शिक्षण व्हावं असं म्हटलं. पाठोपाठ राज्याचा 2010 चा आराखडा आला. एवढं सगळं येऊनही रकाना आहे तिथेच आहे.

जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत पाहिलेला पाठ सांगते. वर्ग तिसरी, घटक हातच्याची वजाबाकी. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका फळ्यावर 52 वजा 27 मांडून थांबली. एका मुलाने पाटीवर 35 लिहिलं. टाचणात अर्थातच 25 होतं. चूक म्हणून पुसून पुढे जाता आलं असतं. तास 35 मिनिटांचा आणि मागे निरीक्षक बसलेले. ती त्या मुलाजवळ बसली आणि म्हणाली, ‘‘कसं काढलंस, सांग बरं.’’ तो म्हणाला, ‘‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’’

हे उत्तर नीट ऐका. मुलाने अंदाजाने काही ठोकून दिलेलं नाही. त्याच्याकडे नियम आहे: मोठ्यातून लहान काढायचं, मग मोठा अंक वर असो की खाली. एकअंकी वजाबाकीत हा नियम त्याला वर्षभर साथ देत आला होता. तिने त्याच्यापुढे दहादहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. ‘‘मला सत्तावीस दे.’’ त्याने दोन गठ्ठे दिले. मग दोन सुट्या काड्यांकडे बघत राहिला. सात कुठून द्यायच्या? बराच वेळ गेला. शेवटी उरलेल्या तीनपैकी एका गठ्ठ्याचं रबर त्याने स्वतःच काढलं, सात काड्या मोजून तिच्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्या काड्या मोजून पाटीवरचं 35 पुसलं. दशक सुटा करणं म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

तास संपला. उपयोजन राहिलं, स्वाध्याय राहिला. निरीक्षण पत्रकात शेरा पडला: पाठ अपूर्ण. गुण कापले गेले.

माझ्या मते राष्ट्रीय आराखडा त्या दिवशी त्या वर्गात पोचला होता, आणि त्याचीच शिक्षा तिला झाली. निरीक्षकाचा वैयक्तिक दोष मी मानत नाही. त्याच्या हातातल्या पत्रकात अनपेक्षित उत्तराला जागाच नव्हती.

मार्गदर्शक शिक्षकांचीही बाजू मी जाणते. ‘‘ते आराखड्याचं राहू दे, पोर्शन पूर्ण कर,’’ असं ते सांगतात, तेव्हा त्यांच्यासमोर दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसलेल्या असतात, ऑनलाइन माहिती भरायची असते, मतदार यादीचं काम डोक्यावर असतं. त्यांना दोष देऊन काहीही हलणार नाही.

आता नवे आराखडे आले आहेत. 2022 च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात पंचादि ही पाच पायऱ्यांची मांडणी आहे: अदिति, बोध, अभ्यास, प्रयोग, प्रसार. पिढ्यान्‌पिढ्या आपण हर्बार्टच्या पायऱ्यांनी टाचणं काढली. मला खरी धास्ती आहे ती ही, की जुन्या मथळ्यांच्या जागी आपण हे पाच नवे मथळे छापू आणि विद्यार्थीकृतीचा रकाना आदल्या रात्री तसाच भरत राहू.

पण आपल्याकडे वेगळं कामही झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय उभं केलं. 2005 च्या किती तरी आधीची ही माणसं. मुलाकडे पाहून योजना बदलायची, हे त्यांना कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलेलं नव्हतं.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला 20 आठवडे मिळाले. हा वेळ मोठा आहे. माझी मागणी एवढीच, की बी.एड. असो वा डी.एल.एड., प्रत्येक टाचणामागे एक कोरं पान असावं. पाठ झाल्यावर त्याच दिवशी छात्राध्यापकाने त्यावर लिहावं: कोणतं उत्तर अपेक्षित नव्हतं, मुलाने ते कसं काढलं, मी पुढे काय केलं. मार्गदर्शक शिक्षकाने ते वाचून त्यावर बोलावं, आणि पाठाचे निम्मे गुण त्या पानाला असावेत. अपूर्ण राहिलेल्या पाठाचे गुण केवळ तेवढ्यावरून कापू नयेत.

या पानाचा मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या गटचर्चेत त्याच्या प्रती वाटल्या जातील. मार्गदर्शक शिक्षकांनी तो कडकपणे तपासावा, दोन इयत्ता सांभाळताना हे जमेल का ते स्पष्ट सांगावं. आणि छात्राध्यापकांनी आपापल्या वर्गातलं एक न पटलेलं, न कळलेलं उत्तर घेऊन गटात बसावं. चर्चा तिथूनच सुरू करू.