घरची शिवण, घरची दिवाळी

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला सत्रात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस ‘दिवाळी आणि घरची शिवण’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. व्याख्यान देणे हा आमचा व्यवसाय नव्हे. आमचे हात सुईला सरावलेले, जीभ सभेला सरावलेली नाही. परंतु नामदेव शिंप्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने शिवणाविषयी बोलण्यास नकार द्यावा, हेही शोभले नसते. म्हणून आम्ही उभे राहिलो आहोत.

ज्यांचे नाव आपला समाज अभिमानाने लावतो त्या संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. विठ्ठलाच्या महाद्वारातील पहिली पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली आहेत. पंजाबातील घुमान येथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेही याच ऋणानुबंधामुळे. त्या पदांतही नामदेवांना आपल्या घरच्या हत्यारांचा विसर पडलेला नाही. गज, कात्री, सुई आणि दोरा यांनाच त्यांनी भक्तीची रूपके केले. ज्या हत्यारांनी पोट भरले तीच देवापुढे नेण्यास त्यांना लाज वाटली नाही. ही गोष्ट आपण मनाशी धरावी, कारण पुढे आम्ही ज्या लाजेची कबुली देणार आहोत तिचा संबंध याच हत्यारांशी आहे.

आमचे बालपण बार्शीस गेले. पुढे दुकान आणि मागे घर, अशी जागा होती. दुकानावर वडील, चुलते आणि एक कारागीर बसत. घरात आई, आत्याबाई आणि आम्ही भावंडे. आमच्या घरी दिवाळी वसुबारसेला सुरू होत नसे, ती दसऱ्यालाच सुरू होई. खंडेनवमीला यंत्र पुसून, तेल घालून, त्यास हळदकुंकू व झेंडूची माळ वाहिली जाई. शेजारी कात्री, गज, फीत, अंगुस्तान आणि इस्त्री मांडली जाई. त्या दिवशी कोणी टाका घालायचा नाही. आत्याबाई म्हणत, “आज तिला विसावा घेऊ द्या, उद्यापासून तिला आणि आपल्याला झोप नाही.” आणि ते अक्षरशः खरे होई.

शिवणयंत्राचा इतिहास आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. एलियास हाउ यांनी १८४६ साली अमेरिकेत दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे पेटंट घेतले आणि १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचे. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शांतिनिकेतनच्या एका विद्यार्थ्याशी बोलताना शिवणयंत्राला मात्र त्या टीकेतून वगळले. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून एका माणसाने प्रेमापोटी हे यंत्र घडविले, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत कितपत ऐतिहासिक आहे याची चर्चा आम्ही करीत नाही. परंतु आमच्या घरापुरते एक सांगितले पाहिजे. यंत्र आले, लांब टिपा भराभर पडू लागल्या, आणि त्या टिपा मारण्यास पुरुष यंत्रावर बसले. जे काम आमच्या यंत्राला येत नव्हते ते तसेच हातावर राहिले, आणि ते हात बायकांचे होते. ते काम म्हणजे काजे, बटणे आणि तुरपाई.

काज करणे म्हणजे काय, हे आजच्या तरुण मंडळींसाठी सांगतो. खडूने खूण करावयाची. कात्रीच्या टोकाने नेमकी चीर द्यावयाची, एक सूतही अधिक नाही. दोरा मेणावरून ओढून घ्यावयाचा, म्हणजे तो पिळत नाही. मग चिरेच्या दोन्ही कडांनी गाठीचा टाका दाट घालीत जावयाचे आणि शेवटी दोन्ही टोकांस आडवे टाके घालून बांधून टाकावयाचे. हे आडवे टाके राहिले तर आठ धुण्यांत काज फाटते. चांगल्या हाताला एका काजास सहा मिनिटे लागत. एका सदऱ्यास आठ काजे धरली, आणि दसऱ्यापासून नरकचतुर्दशीपर्यंत साठ सदरे उतरले, तर ४८० काजे झाली. म्हणजे ४८ तास केवळ काजांचे. हे तास दिवसा मिळत नसत. दिवसा फराळाची भाजणी, अनारशांचे पीठ, घराची सारवण आणि मुलेबाळे. काजे होत ती रात्री दिव्याच्या उजेडात, चकलीच्या वासात.

शिंपी कापड मारतो, ही आपल्या समाजाची जुनी थट्टा आपण सर्वांनी ऐकली आहे. आमच्या वडिलांना ती फार झोंबे. म्हणून त्यांचा नियम होता की, बोटभर कातरणही गिऱ्हाइकाच्या पुडक्यात बांधून परत द्यावयाचे. कित्येक गिऱ्हाइके ते पुडके तिथेच टाकून जात, तेव्हाच त्यावर घराचा हक्क लागे. परिणाम असा की, गावभर नवे कपडे पुरविणाऱ्या आमच्या घरात मुलांच्या दिवाळीला नवे कापड क्वचितच येई. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री शेवटचे पुडके गेले की आई यंत्रावर बसे. तिचे जुने नऊवारी लुगडे निघे. त्याचे जीर्ण झालेले मधले कापड अस्तराला जाई आणि काठाचे चांगले कापड परकराच्या घेराला. गुळेदगुड्डच्या खणाचा एखादा तुकडा आजोळहून आलेला असे, त्याचे पोलके होई. पहाटे अभ्यंगस्नान करून आम्ही बाहेर यावे, तो परकर इस्त्रीने अजून ऊन असे.

त्या शिवणीत एक विद्या होती, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आई कपडा नेहमी ‘वाढत्या मापाचा’ शिवी. परकराच्या खालच्या बाजूस आतून चार बोटांची दुमड, कमरेशी नेफ्यात आणखी दोन बोटे, पोलक्याच्या बगलेत अर्धा इंच कापड दाबून ठेवलेले. मूल वाढले की दुमड सोडावयाची. सोडलेल्या दुमडीची रेघ कापडावर राहते, ती धुऊनही जात नाही. आमच्या एका परकरावर अशा दोन रेघा होत्या. आज आम्हांस वाटते, त्या रेघा म्हणजे आमच्या वाढीची नोंदवहीच होती.

परंतु तेव्हा तसे वाटले नाही, हीच आमची कबुली. १९७१ सालची गोष्ट. आम्ही दहा वर्षांचे होतो. वर्गातील एका मैत्रिणीचा मुंबईहून आणलेला तयार झगा आम्ही पाहिला होता. छातीवर जाळी, मागे मोठी गाठ, खाली झालर. त्या दोन रेघांचा परकर तिसऱ्या दिवाळीला पुन्हा घालण्यास आम्ही साफ नकार दिला आणि सर्वांदेखत म्हणालो, “शिंप्याच्या घरी जन्मून चिंध्याच नेसायच्या का?” आई काही बोलली नाही. वडील उठले, पेठेत गेले आणि एक तयार झगा घेऊन आले. तो किती रुपयांचा होता हे त्यांनी कधी सांगितले नाही.

तो झगा घालून आम्ही गल्लीभर मिरविलो. भाऊबिजेच्या दिवशी बगलेत तो उसवला. शिवणीच्या आत कापड दाबलेलेच नव्हते, जेमतेम दोन सूत, धागे निसटून चाललेले. रात्री जाग आली तेव्हा आई दिव्यापाशी तो झगा उलटा करून बसली होती. सगळ्या बगला, सगळ्या कडा तिने आमच्या नाकारलेल्या परकराच्या तुकड्यांची पट्टी लावून बांधून काढल्या. सकाळी तिने एवढेच म्हटले, “आता दोन वर्षे जाईल.” तो गेलाही. बाहेरून तो मुंबईचा होता, आतून आईचा.

यापुढची गोष्ट सांगताना आवाज थोडा जड झाला तर श्रोत्यांनी क्षमा करावी. वडील निवर्तल्यावर दुकानाच्या जुन्या वह्या आम्ही चाळल्या. हिशेब चोख होता. कारागिराची मजुरी, रिळे, बटणे, अस्तर, कोळसा, यंत्राचा पट्टा, पैन् पैची नोंद. प्रत्येक दिवाळीच्या पानावर ‘काजे’ अशीही एक ओळ होती. तिच्यापुढे रक्कम नव्हती. एकच शब्द होता : ‘घरी’. वर्षानुवर्षे तोच शब्द. कापडाच्या बोटभर तुकड्याचाही प्रामाणिक हिशेब देणाऱ्या त्या सत्शील माणसाला, आपल्याच घरातील ४८ तासांचा हिशेब मांडावा असे कधी सुचले नाही. आम्ही वडिलांस दोष देत नाही. त्या काळी आपल्यापैकी किती घरांच्या वहीत त्या ओळीपुढे आकडा होता, हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी आठवावे.

बंधुभगिनींनो, काळ पालटला. तयार कपड्यांनी पेठा भरल्या. पुष्कळ दुकानांत आज नव्या शिवणीपेक्षा लांबी-रुंदी कमीजास्त करण्याचेच काम अधिक येते. काजांचे यंत्रही केव्हाच आले. आपली मुले-मुली अभियंते झाली, परदेशी गेली. हा आनंदच आहे. या पिढीने पुन्हा रात्र रात्र जागून काजे करावी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या कष्टांत कौतुक नव्हते आणि मोबदलाही नव्हता, त्यांचे गोडवे गाणे हा ढोंगीपणा होईल.

परंतु कष्ट सोडताना विद्याही सोडून द्यावी काय, हा प्रश्न आहे. गेल्या संक्रांतीला आमच्या नातवाचे बोरन्हाण परदेशी झाले. काळे झबले, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे तिळाएवढे टाके, आणि खणाची, आतून मऊ लुगड्याचे अस्तर लावलेली कुंची आम्ही येथून टपालाने पाठविली. हलव्याचे दागिने सुनेने तेथेच दोऱ्यात ओवले. तिचा दूरध्वनी आला तो आभाराचा नव्हे, प्रश्नाचा होता. “आई, कुंचीच्या आत एवढी दुमड का ठेवली आहे?” आम्ही म्हणालो, “सोडायला.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मला शिकवाल?” तेव्हापासून दर रविवारी पडद्यावर समोरासमोर बसून आम्ही तिला शिकवितो. पहिला धडा धावदोऱ्याचा झाला, दुसरा काजाचा.

या अनुभवावरून तीन सूचना समाजापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली : बारा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलाला आणि मुलीला, होय, मुलालाही, बटण लावणे, तुरपाई आणि ठिगळ एवढे आलेच पाहिजे. त्यास दिवाळीच्या सुट्टीतील चार दुपारी पुरतात. दुसरी : दर दिवाळीस प्रत्येक घराने एक तरी वस्तू घरी शिवावी. झबले असो, टोपडे असो, देवाचे वस्त्र असो, अथवा जुन्या साड्यांची गोधडी असो. तीत पुढील वर्षी सोडता येईल एवढी दुमड ठेवावी. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : ज्या आईआत्यांनी, काकूंनी, वहिनींनी दुकानामागच्या खोलीत आयुष्यभर काजे केली, त्यांची नावे या स्मरणिकेत छापावी. दुकानदारांची नावे दरवर्षी छापतोच. ज्यांच्या हातांत आजही हे काम आहे, त्यांच्यापुढे वहीत ‘घरी’ न लिहिता आकडा लिहावा, आणि तो त्यांच्या हाती द्यावा.

आमची आई आता नाही. तिच्या सुयांची डबी आमच्याकडे आहे. तीत मेणाचा एक खडा आहे आणि त्यावर दोऱ्याने पडलेल्या खोल खाचा आहेत. वहीत तिच्या कामाचा आकडा नाही, पण त्या खाचा मोजता येतात. यंदाच्या खंडेनवमीला यंत्राशेजारी आम्ही ती डबीही मांडली आणि तिला प्रथम हळदकुंकू वाहिले.