वूफर, पेटी आणि बाबांचा पखवाज



संयोजकांनी मला विषय दिला, ‘तुझ्या घरच्या त्या भल्यामोठ्या स्पीकरबद्दल बोल.’ मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलंच, ‘काय बे, आता वरातीत डीजे लावतं काय?’ त्याचं उत्तर आधी देतो. नाही लावत. माझे दोन पंधरा इंची वूफर आणि प्रत्येकी ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर घरात आहेत ते एका कॅसेटसाठी.

आमचे बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, हे दारव्ह्याच्या जुन्या मंडळींना माहीत आहे. १९८६ च्या एका एकादशीचं भजन टेपवर आहे. बाबा गेल्यावर ती कॅसेट आम्ही छोट्या टेपरेकॉर्डरवर लावायचो. टाळ खणखणीत, गळे स्वच्छ, पखवाजाची चाटेची बाजूही ऐकू येई. पण डाव्या हाताचा धामा, ज्याला कणीक लावतात, तो जवळजवळ नव्हताच. चार इंची स्पीकरला तेवढा खालचा सूर जमत नाही. त्याचा कोन लहान. तो हवा पुरेशी ढकलू शकत नाही.

मग मोठा स्पीकर आणायचा, झालं! असं वाटतं, पण मंडपात लागणारा स्पीकर घरात उपयोगाचा नाही. तो थोड्या विजेत मोठा आवाज देतो, कारण त्याचा कोन हलका आणि कड ताठ असते. त्यामुळे अगदी खालचे सूर त्याला नीट जमत नाहीत. नागपूरच्या एका कारागिराने मला जुन्या पंधरा इंची स्पीकरचा सांगाडा आणि चुंबक ठेवून नवी कॉइल, जड कोन आणि मऊ कड बसवून दिली. सूर खाली गेला, पण आता तेवढ्याच आवाजाला वीज जास्त लागते. लहान पेटी, खालचा सूर आणि कमी वीज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोनच निवडाव्या लागतात.

शिवाय थाप ही गोष्ट वेगळी. सावकाश ऐकताना दोन वॅट पुरतात. पण जोरदार थाप सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जाऊ शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वीज. दोनाचे क्षणभर दोनशे वॅट! ॲम्प्लिफायरमध्ये तेवढी जागा नसेल तर थापेचं डोकंच कापलं जातं. माझे ५०० वॅट असे राखीव पडून असतात.

आता प्रयोगशाळेतला नादकाटा आठवा. सर तो पाण्याच्या नळीवर धरायचे आणि पाण्याची पातळी बरोबर आली की नळी घुमायची. अनुनाद! तेच इथे. कोनावर ठरावीक वजन चिकटवायचं, अनुनाद किती खाली सरकतो ते मोजायचं, त्यावरून कोनाचं वजन आणि कडेचा ताठपणा काढायचा. पेटीचं गणित नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९६१ मध्ये मांडलं. रिचर्ड स्मॉल यांनी ते सत्तरच्या दशकात पुढे नेलं. माझी पेटी १५० लिटरची. तिला शेतात टाकतो तो १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, २८ सेंटिमीटर लांब. रिकाम्या बाटलीवर फुंकर मारल्यासारखी ती ३० हर्ट्झच्या आसपास घुमते. पखवाजाला एवढं खाली जायची गरज नाही, तो हट्ट माझा.

सगळे म्हणाले, यवतमाळ जिल्ह्यात राहतोस, पेटी सागवानाची कर. पण भरीव लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते स्थिर राहतं. १८ मिलिमीटरचं प्लायवुड वापरलं. सागवान फक्त बाहेरच्या पट्ट्यांना, आईच्या समाधानासाठी.

एवढं करून खोली राहतेच. आमचा हॉल १८ फुटी. तेवढ्या लांबीत ३१ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीशी दणदणतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. खुर्च्या तीन वेळा हलवल्या, तेव्हा कुठे सूर सपाट लागला. हे खालचे सूर भिंतीतून सहज पलीकडे जातात, म्हणून शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय मी काही लावत नाही. २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दुर्गोत्सवात आपण ती किती पाळतो ते सगळ्यांना माहीत आहे. छाती हलते ती ताकद आणि धामा कळतो ती ताकद, यांत मला फार फरक वाटतो.

पहिल्यांदा ती कॅसेट लावली तेव्हा आई डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या अभंगाला म्हणाली, ‘कणीक वाळली रे.’ मी पुन्हा लावून पाहिलं. खरंच, धाम्याचा सूर हळूहळू चढत गेला होता, आणि पुढच्या अभंगाआधी कणीक पुन्हा ओली केल्यावर तो खाली आला होता. इतकी वर्षं आम्हाला ते ऐकू आलंच नव्हतं.

त्या टेपवर टाळ धरणाऱ्यांत आपल्यापैकी दोघांचे वडील आहेत. प्रती पेन ड्राइव्हवर आणल्या आहेत, जेवणानंतर माझ्याकडून घ्या. मात्र मोबाइलवर ऐकू नका. घरी या, रात्री दहाच्या आत.