समुद्रावर काय घालू?

मॉरिशसच्या आठवडाभराच्या सहलीची बॅग भरायला घेतली, की पहिला प्रश्न ऋतूचा. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला. आपल्याकडे जुलैत पावसाळा, तर तिथे हिवाळा! दिवसा ऊन असलं, तरी आग्नेयेकडून येणारा वारा संध्याकाळी अंगाला झोंबतो. म्हणून एक पातळ स्वेटर हवाच.

दुसरा प्रश्न जेवणाचा. खाणंपिणं सगळं पॅकेजमध्येच असतं, तेव्हा बर्म्युडा आणि चपलेवर भागेल असं पुरुषमंडळींना वाटतं. पण बऱ्याच हॉटेलांत रात्रीच्या जेवणाला फुलपँट आणि बूट लागतात. एक जोड पुरे.

तिसरा प्रश्न आम्हा बायकांचा. अलिबागला, गणपतीपुळ्याला आमच्या पिढीतल्या कितीजणी साडी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात उभ्या राहिल्या आणि बाकीचा वेळ सगळ्यांचे कपडे-चपला राखत बसल्या! सुती कपडा भिजला की जड होतो, पायांत अडकतो. हॉटेलच्या तलावात तर तो बहुधा चालतच नाही. यावर साधा उपाय आहे. कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला नायलॉनचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. वजनाला हलका, लवकर वाळणारा. प्रवाळ पायाला कापतं, म्हणून सोबत रबरी बूट घ्यावेत.

मी हा पोशाख साठीत घेतला. मैत्रिणींनो, दोन साड्या कमी न्या, पण हा न्याच. चपला राखायला घरातलं दुसरं कुणीतरी बसेल!