तलवारी आहेत, विळा कुठं आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तुटलेले धागे सांधता सांधता उमर गेली. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काही थोडंफार वाचलं ते रातपाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, डोळ्यांवर पाणी मारून वाचलं. तेव्हा बोलण्यात काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्या. समितीनं मला सांगितलं की, तुम्ही मंडळींना घेऊन धुळ्याचं संग्रहालय बघायला गेले होते, त्याच्यावरच बोला. म्हणून उभा आहे.

मागच्या हिवाळ्यात आपण एसटीची एक गाडी ठरवून जळगावहून पारोळ्यामार्गे धुळ्याला गेलो. गाडीत पोरं जास्त, बाया बऱ्याच आणि माझ्यासारखे टक्कल पडलेले आठ-दहा. तिथं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावानं धुळेकरांनी ही संस्था उभी केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाचे २२ खंड या माणसानं काढले. त्यासाठी गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यावर चढले, उंदरांनी कुरतडलेली, पावसात भिजलेली दप्तरं हातापाया पडून मिळवली.

आता कुणी म्हणेल, विहाराच्या व्यासपीठावर राजवाड्यांचं कौतुक कशाला? त्यांची चातुर्वर्ण्याविषयीची मतं मला मान्य नाहीत, आपल्यापैकी कुणालाच मान्य होण्यासारखी नाहीत. पण कागदाच्या एका कपट्यासाठी मैलोन् मैल पायपीट करणारा माणूस, ही गोष्ट खरी आहे, आणि खरं ते खरं म्हणायला आपण शिकलं पाहिजे. त्यांच्या मतांशी भांडायचं असेल तर त्यांच्याइतकी पायपीट करावी लागेल. ती आपण केलेली नाही. हे मी आधी स्वतःलाच म्हणतो.

तर आत गेलो. दगडी मूर्ती, ताम्रपट, जुनी नाणी, हस्तलिखित पोथ्या, हत्यारं. पोरं हत्यारांपुढून हलेनात. आमच्याबरोबर एक सत्तरीच्या आजी होत्या, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-कापणी केलेल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, इतल्या तलवारी शेतस, पन इळा कोठे शे?"

मी हसलो. बाजूची दोन पोरंही हसली. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तलवार वर्षातून किती दिवस चालली असेल? विळा रोज चालत होता. बरं, हा काही एकट्या धुळ्याचा दोष नाही. मुंबईला जा, दिल्लीला जा, साहेबाच्या लंडनला जा, संग्रहालय म्हटलं की राजाचं नाणं, सरदाराचं हत्यार, देवळातली मूर्ती. पाटीवर काय लिहितात? अमक्या राजाचा काळ, तमक्या घराण्याचा काळ. दगड कुणी फोडला, मूर्ती कुणी घडवली, तांब्याचा पत्रा कुणी ठोकून सपाट केला, त्याचं नाव सहसा नसतं.

सहसा म्हणालो, कारण एक नाव आहे. आणि ते आपल्या शेजारचं आहे.

काही वर्षांपूर्वी कामगारांच्या मोर्चासाठी मी दिल्लीला गेलो होतो. परतीची गाडी रात्री, हातात अर्धा दिवस. बाकीचे लाल किल्ला बघायला गेले, मी राष्ट्रीय संग्रहालयात शिरलो. तिथं एक ठेंगणा, ढेरपोट्या, हसऱ्या तोंडाचा दगडी यक्ष आहे. दोन्ही हात वर करून डोक्यावर भांडं धरलेलं. आपल्या भाजीबाजारातला पाटी उचलणारा हमाल जसा, अगदी तसा. पाटी वाचली तर लिहिलंय, पितळखोरा! अरे, हा तर आपला गाववाला! पितळखोऱ्याची लेणी कन्नड तालुक्यात येतात खरी, पण चाळीसगावहून घाट चढून गेलं की जवळ. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकाच्या सुमाराला कोरायला सुरुवात झालेली ही बुद्धलेणी. या यक्षाच्या हातावर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ असा, की कान्हदास नावाच्या सोनारानं हा केला.

माता-भगिनींनो, माझ्या अंगावर काटा आला. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा एक कारागीर आपल्या कामावर आपलं नाव आणि आपला धंदा लिहून ठेवतो. राजाचं नाव नाही, सोनाराचं आहे. त्याच लेण्यांत दान देणाऱ्यांचीही नावं आहेत. पैठणच्या अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घराण्यातला मितदेव, मागिल नावाचा राजवैद्य, आणि त्याची मुलगी दत्ता. बाईचं नाव, बरं का! सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला आजही आपल्यातले काही लोक कां-कूं करतात. भगवंताच्या संघात लेणं कोरायला पैसा देणाऱ्या बाईचं नाव दगडात कोरलं गेलं.

इंग्रजांच्या काळात काय झालं बघा. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. दुसऱ्याच वर्षी, २८ एप्रिल १८१९ ला, जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या फौजेतला घोडदळाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला अजिंठ्याच्या दरीत आला आणि त्याला लेणी दिसली. गुराख्याच्या पोरानं वाट दाखवली असं सांगतात. त्या पोराचं नाव कुठंच नाही. साहेबानं मात्र दहा नंबरच्या लेण्यात खांबावर, रंगवलेल्या बुद्धप्रतिमेच्या अंगावर, आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली. आजही आहे. कान्हदासानं नाव लिहिलं ते स्वतः घडवलेल्या वस्तूवर. स्मिथसाहेबानं लिहिलं ते दुसऱ्याच्या घामावर. दोन नावांतला हा फरक मी पोरांना गाडीत समजावून सांगितला, तर एक पोरगा म्हणतो, "काका, आम्ही पण लेण्यात नाव लिहितो!" मी म्हटलं, आता लिहिलंस तर कान धरीन.

चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात, तेही साहेबाचंच नाव. जेम्स औट्रम, १८२५ साली ज्यानं धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली तो. घाटाचे कडे ज्यांनी पहारीनं फोडले, त्यात आपले किती असतील, भिल्ल किती असतील, कुणी मोजलं?

जाता जाता पाटणचं सांगतो, चाळीसगावजवळच आहे. तिथं शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा. त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. मठाला कशातून मिळणार? बाजारात येणाऱ्या मालावरच्या पट्टीतून, घाण्याच्या तेलातून. म्हणजे गणित भास्कराचार्यांचं, पण दिव्यातलं तेल तेल्याच्या घाण्याचं. त्याच तालुक्यात पाटणे इथं उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्या कवचावर रेघांची नक्षी सापडली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. आपल्या खानदेशात शहामृग होतं, हे ऐकून पोरं एकदम गप्प झाली.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो, आणि हा जरा अवघड आहे.

माझे आजोबा गिरणाकाठच्या एका खेड्यात वेसकर होते. त्यांची घुंगराची काठी होती. त्या काठीचा आवाज करीत ते गावात भाकर मागायला जायचे, सरकारी बोलावणी पोहोचवायचे, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचे. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला. आमच्या गावात ती बातमी आली तेव्हा माझे वडील वीस वर्षांचे होते. त्यांनी देव्हाऱ्यातले टाक एका फडक्यात बांधले, त्याच्यावर ती काठी ठेवली आणि सगळं गिरणेच्या डोहात सोडलं. आजी रडली. आजोबा काही बोलले नाहीत. नंतर वडील जळगावला खानदेश मिलमध्ये लागले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा १९५८ चा कायदा झाला. त्याच्या आधीच आमच्या घरातलं वतन डोहाच्या तळाशी गेलेलं होतं.

वडिलांनी योग्य केलं. शंभर टक्के योग्य केलं. ती काठी घरात राहिली असती तर मी तिच्याकडे बघत वाढलो असतो, आणि कदाचित माझ्याही हातात आली असती. पण त्या दिवशी संग्रहालयात तलवारींपुढं उभा असताना मला ती काठी आठवली. वाटलं, आज ती असती तर या तलवारीशेजारी ठेवायला पाहिजे होती. खाली पाटी, की हा माणूस या गावचा, याचं नाव हे, यानं एवढी वर्षं ही काठी वागवली आणि त्याच्या मुलानं ती अमक्या दिवशी फेकली. फेकली हेसुद्धा लिहायचं! तोच तर आपला इतिहास आहे.

हे मी समितीच्या बैठकीत बोललो तर वाद झाला. पारोळ्याकडच्या एका कुटुंबात अशी काठी अजून आहे, माळ्यावर. मुलं म्हणतात, जाळून टाकू, लाज वाटते. बैठकीत आपल्या काही भगिनी म्हणाल्या, ती विहारात आणायची नाही, तथागतांसमोर गुलामीची खूण नको. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. वंदनेच्या सभागृहात ती नकोच. पण बाजूच्या खोलीत, कपाटात, काचेआड? मला वाटतं, असावी. लाज ज्यानं वागवली त्याची नाही, ज्यानं वागवायला लावली त्याची आहे. तुम्हाला पटत नसेल तर आणखी भांडू, मी तयार आहे.

कारण दुसरी बाजूही बघा. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवर आपल्या लोकांनी त्यांना वस्तीवर नेण्याचा आग्रह धरला. टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा देतो, हाकणार नाही. शेवटी आपल्यातल्याच एकानं, ज्याला सवय नव्हती, लगाम हातात घेतला. पुलावर टांग्याला हिसका बसला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. लिहिलं नसतं तर चाळीसगावात कोण सांगणार होतं? कुठल्या काचेच्या कपाटात तो टांगा आहे?

आणि धुळ्याजवळ लळिंगला किल्ल्याच्या पायथ्याशी इंग्रजी अमदानीतला लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब तिथं उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला भर पावसात आपले लोक तिथं जमतात. तिकीट नाही, पाटी बघायला कुणी जात नाही, पण आयाबाया लेकरांना कडेवर घेऊन जातात. परत येताना आम्ही तिथंही गाडी थांबवली. ज्या आजींनी विळा विचारला होता, त्या ओट्यावर डोकं टेकवून किती तरी वेळ बसल्या. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी उठल्या नाहीत.

म्हणून समितीनं ठरवलं आहे की विहाराच्या बाजूच्या खोलीत एक लोखंडी कपाट ठेवायचं. तुमच्या घरी जुनी कागदं असतील, वतनाचे, शाळेच्या दाखल्याचे, मोर्चाची हँडबिलं, समता सैनिक दलाची टोपी, जुने फोटो, ती रद्दीवाल्याला देऊ नका. किलोमागं जे काही रुपये येतात, त्यात दोन वेळचा चहा होत नाही. वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्या: कुणाची, कुठल्या गावची, कधीची. बायकांच्या वस्तूवर बाईचंच नाव लिहा, 'अमक्याची पत्नी' नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगा, मी लिहून घेतो. माझी रातपाळी पंधरवड्याआड असते, त्या दिवसांत दुपारी चारनंतर मी विहारात असतो.

कपाटात दोन वस्तू आलेल्या आहेत. एक माझ्या वडिलांचा मिलचा पितळी बिल्ला, त्याच्यावर नाव नाही, नुसता नंबर आहे, म्हणून नाव मी चिठ्ठीवर लिहिलं. आणि दुसरा त्या आजींचा विळा. त्यांनी स्वतः आणून दिला, मूठ नवी बसवून. मी म्हटलं, आजी, जुनीच मूठ ठेवायची होती. त्या म्हणाल्या, हातात टोचायची रे ती. पितळखोऱ्याची सहल पुढच्या महिन्यात आहे, नावं सचिवांकडे द्यावीत, मुलांना अर्धं भाडं.

जयभीम! नमो बुद्धाय!